दक्षिणेकडचं ताट

माझ्या माहेरी डायनिंग टेबल येऊन चार वर्षं झाली. भावानं धुळ्याहून हौसेनं आणलं, वर काच, भोवती सहा खुर्च्या. आता त्यावर बियाण्याच्या पिशव्या असतात, आबांच्या गोळ्यांची पाकिटं असतात, एखादं हेल्मेट असतं. जेवायला सगळे खालीच बसतात. आखाजीला तर ते टेबल सरळ भिंतीला लोटायचं, त्यावर चादर टाकायची आणि फरशीवर पाट मांडायचे, हा मायनं घालून दिलेला नियम. टेबलावर पितरांना बसता येत नाही, असं ती म्हणायची. का येत नाही, हे विचारायची सोय नव्हती.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतरांचा तो सोनं घ्यायचा दिवस असेल, आम्हा खानदेशातल्या बायकांचा तो माहेरचा दिवस. दिवाळीला नाही गेलं तरी चालतं, पण आखाजीला लेक आली नाही की गाव लगेच कुजबुजायला लागतं. लिंबाला झोका बांधतात, कासार दारात बसून लेकींना बांगड्या भरतो, आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांची घागर भरतात, त्यांच्या नावानं कुणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवतात. म्हणजे लेकी यायच्या त्याच दिवशी पितरही यायचे, एकाच घरात, एकाच स्वयंपाकाला. माझी चूक झाली ती त्यातूनच. आधीच सांगून टाकते, कारण मला गोष्ट रंगवून सांगता येत नाही, आणि ही तर सांगावीशीही वाटत नाही.

आमचं गाव पारोळ्यापासून आत सहा-सात मैलांवर. घरी सणाला मायच्या हातची ताटं निघायची. रद्दीची ताटं. होळी झाली की ती जुनी वर्तमानपत्रं, आमच्या संपलेल्या वह्या, गावातल्या लग्नपत्रिका, सगळं मोठ्या पातेल्यात चार दिवस भिजत घालायची. मग कीड लागू नये म्हणून त्यात मेथी वाटून मिसळायची, उखळात कुटून लगदा करायची आणि पितळी ताट पालथं घालून त्यावर राख भुरभुरून तो थापायची. चैत्राच्या उन्हात दोन दिवसांत ताट खडखडीत वाळून सुटायचं. वरून पांढऱ्या मातीचा हात, आणि मग गेरू, हळद आणि कपड्यांची नीळ घेऊन चित्र. ब्रश म्हणजे काडीला गुंडाळलेला घरचाच कापूस.

चित्र ज्याचं त्याचं ठरलेलं. आबांच्या ताटात बैलजोडी, भावाच्या ताटात विहीर. माझ्या ताटात साळुंकी, कारण मी दिवसभर कलकल करते. धाकलीच्या ताटात झोका होता, आणि झोक्यावर पायांच्या दोन काड्या लोंबवत बसलेली एक मुलगी. दर आखाजीच्या आधी माय रंग उजळायची, फुटलेलं ताट नवं करायची. जेवताना त्यावर केळीचं पान अंथरायचं, म्हणजे कागदाला ओल लागत नाही. ताटात हात धुतलास तर हातच मोडीन, हे वाक्य आम्ही तिघांनी लहानपणी इतकं ऐकलंय की आजही स्टीलच्या ताटातसुद्धा मी हात धुवत नाही. स्वतःसाठी मात्र मायनं ताट केलं नाही. विचारलं की म्हणायची, मी परातीत जेवते ना, मला कशाला? मला तिचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

धाकली माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. सोळा वर्षांपूर्वी तिनं धुळ्याला जातीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं, घरी न सांगता. सांगितलं असतं तर झालंच नसतं, हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही. आबांना पारोळ्याच्या बाजारात कुणीतरी सांगितलं. ते भरदुपारी घरी आले, धोतर-सदऱ्यासकट मोरीत उभे राहिले आणि थंड पाण्याची अख्खी बादली डोक्यावर ओतून घेतली. कुणी गेल्याची बातमी आली की करतात ती आंघोळ. पोटच्या पोरीच्या नावानं, ती तीस-पस्तीस मैलांवर संसार मांडत असताना. निथळत ते बाहेर आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मनी एकच आंडेर शे." मला एकच लेक आहे.

ती एक मी. मी तिथंच उभी होते, हातात टॉवेल. मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. कंडक्टरशी भांडते, वाण्याशी भांडते, नवरा तर म्हणतो तू स्वतःशीही भांडतेस. पण आबांपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी टॉवेल पुढे केला आणि त्यांनी तो घेतला.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी आखाजी आली. पुरुषांची पंगत उठली, आम्ही बायका बसलो, तेव्हा मायनं माळ्यावरून काढलेलं धाकलीचं झोक्याचं ताट आपल्या परातीशेजारी ठेवलं. त्यावर पान, पानावर पुरणपोळी, आमरस, कुरडई, सगळं. बाजूला एक आंबा आणि हिरव्या बांगड्यांचा जोड. आबा ओसरीवरून बघत होते. मला वाटलं, आता उठतात आणि ताट भिरकावतात. ते उठले नाहीत. बघितलं, तंबाखू मळली, तोंड फिरवलं. आमची जेवणं झाली, वाढलेलं पान मायनं उचललं आणि गाईपुढे ठेवलं.

तेव्हा मला कळलं, म्हणजे कळलं असं मला वाटलं. पितराचं न जेवलेलं पान आमच्याकडे गाईला जातं. आबांनी आंघोळ केली, मायनं पान काढलं. तिनंही मानून घेतलं की पोर गेली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. घरात भांडण नको होतं मला. पुढं दर आखाजीला ते ताट निघत राहिलं, आबा तोंड फिरवत राहिले, पान गाईला जात राहिलं. पंधरा वर्षं मी मायच्या पंगतीला बसून जेवले आणि एकदाही विचारलं नाही, की माय, हे काय आहे?

मागच्या वर्षी पौषात माय गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मी धाकलीला फोन केला तो मायला अग्नी देऊन परत आल्यावर. आधी केला नाही, कारण आबा समोर होते आणि गर्दी होती, आणि ती आली असती तर काय झालं असतं या विचारानं मी फोन हातात घेऊन परत खाली ठेवला होता. ती म्हणाली, "आत्ता सांगतेस, अक्का?" एवढंच म्हणाली. मी जळगावला, पिंप्राळ्यात माझ्या घरी परत आल्यावर दोन दिवस जेवले नाही, पण त्याचा तिला काय उपयोग?

मागच्या आखाजीच्या आठवडाभर आधी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, पोरांच्या परीक्षा झाल्या म्हणाली. मग विचारलं, "अक्का, यंदा माझं ताट मांडणार का कुणी?"

"मांडीन की मी," म्हटलं. "माय मांडायची ना, मीही मांडीन."

"नक्की?"

"अगं हो, नक्की."

तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं रडतेय. बिचारीला तेवढंच समाधान, असं मनात म्हटलं आणि फोन ठेवला. इतकी मी शहाणी.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी जळगावहून केळीच्या पानांचा भारा घेऊन निघाले. पारोळ्याच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, बाई, पानं टपावर टाका. मी म्हटलं, तुम्हीच बसा टपावर, ही माझ्या मांडीवर राहतील. त्यावरून पुढे धरणगावच्या फाट्यापर्यंत आमचं चाललं. घरी पोहोचले तर वहिनी पुरण शिजायला टाकून बसली होती. माझी वहिनी कामाला वाघीण आहे आणि बोलायला कंजूस. उंबऱ्यावरून आत पाऊल टाकलं आणि मायचा आवाज आला नाही, "उनी का वं?", आलीस का गं, असं कुणी विचारलं नाही. मी पानांचा भारा मोरीत उभा केला आणि तिथंच तोंडात पदर कोंबून उभी राहिले.

सकाळी मी माळ्यावर चढले. वहिनी म्हणाली होती, ताई, स्टीलची ताटं घासून ठेवलीत, ती घेऊ. मी म्हटलं, मायची पहिली आखाजी आहे आणि स्टीलची ताटं? ताटं जुन्या चादरीत बांधलेली होती. माझं साळुंकीचं ताट उंदरांनी अर्धं खाल्लेलं. इतक्या ताटांत मेल्यांना माझंच सापडलं! मी त्या दुःखाच्या दिवशीही त्या उंदरांना दोन शिव्या दिल्या. बैलजोडीचं धड होतं, विहीर धड होती, झोकाही धड होता.

झोक्याचं ताट पुसताना मला एक गोष्ट दिसली. झोक्यावर एकच मुलगी नव्हती. तिच्या मांडीवर गेरूचा एक ठिपका होता, त्याला दोन बारीक काड्या, आणि मागे दोरीला धरून तसाच आणखी एक ठिपका, निळीचा. मायचे डोळे शेवटी अधू झाले होते, हात थरथरायचा. रंग सांडला असेल, असं म्हणून मी फडक्यानं जरा घासलंही. गेला नाही.

मग मांडायला घेतलं. आमच्या घरी घरची माणसं पूर्वेकडे तोंड करून जेवतात, आणि पितराचा पाट दक्षिणेकडे तोंड करून, वेगळा. शास्त्रात काय लिहिलंय ते मला माहीत नाही, आमच्या घरात असं आहे. लहानपणी चुकून दक्षिणेकडे तोंड करून बसलो की पाठीत धपाटा बसायचा. मायची घागर मी मधल्या खोलीत ठेवली. लाल मातीची घागर, पाण्यानं भरलेली, वर छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज, दोन आंबे, सांजोऱ्या. तिच्यापुढे दक्षिणेकडे तोंड करून मायच्या नावाचा पाट. तिचं ताट नव्हतंच, म्हणून नुसतं केळीचं पान, तेही अख्खं, मोठं. आणि त्याच्याच शेजारी दुसरा पाट, त्यावर धाकलीचं झोक्याचं ताट. दोघी मायलेकी शेजारी राहू देत, असं मला वाटलं. मांडून झाल्यावर मी मागे सरून बघितलं, आणि छान दिसतंय असंही वाटलं मला. वहिनी दारात परात घेऊन उभी होती. तिनं बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि चुलीकडे गेली.

माय सवाष्ण गेली, तेव्हा तिच्या नावानं सवाष्णच जेवायला बसवायची. गल्लीतल्या एका काकूला सांगून ठेवलं होतं, मायची जुनी मैत्रीण. पितर म्हणून जो बसेल त्याचे पाय घरच्या कर्त्या माणसानं धुवायचे, कुंकू लावायचं, आणि जेवण झालं की पाया पडायचं. मग तो वयानं लहान का असेना, त्या दिवशी तो माणूस नसतोच, पितर असतो. आबांनी काकूचे पाय धुतले. माय जन्मभर आबांच्या पाया पडली; त्यांनी तिच्या पाया पडायची पाळी आली ती ती नसताना. आबांचं वय आता ऐंशीच्या घरात आहे, गुडघ्यावर बसताना भावानं धरलं. काकूच्या पायावर पाणी घालताना त्यांचा तांब्या परातीच्या काठावर खडखड वाजत होता.

आम्ही दोन्ही पानं वाढली. भावानं गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि पोळीचा तुकडा घातला, पितरांची आगारी. धूर झाला. आबांनी हातात पाणी घेतलं, काकूच्या पानाभोवती फिरवलं, मग झोक्याच्या ताटाभोवतीही फिरवलं. ते त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. मी मांडूनच तसं दिलं होतं.

आणि दारातून आवाज आला, "अक्का."

धाकली उंबऱ्याबाहेर उभी होती. हिरवं लुगडं नेसलेली, माहेरी यायचं म्हणून नेसतात तसं, हातात पिशवी, पिशवीत आंबे. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. माझ्या मनात तिचं वय चोवीसवरच थांबलं होतं, आणि दारात चाळिशीची बाई. ती हसत होती. खरंच सांगते, ती हसत आत आली, आणि पूर्वेकडच्या पंगतीकडे बघत, पाटांवरून नजर फिरवत आपलं ताट शोधायला लागली. बैलजोडी सापडली, विहीर सापडली, वहिनीचं आणि माझं स्टीलचं ताट सापडलं. मग तिनं मान वळवली आणि आगारीच्या धुरामागे, मायच्या पानाशेजारी, तिला झोका दिसला.

आत कुकरची शिट्टी झाली. तेव्हा कुठं मला समजलं. ही फोनवर ताट मांडणार का म्हणाली, ते येऊ का म्हणून विचारत होती, आणि मी नक्की म्हणाले होते.

"मनं ताट शे ना हाई?" तिनं मला विचारलं. पंधरा वर्षं धुळ्यात राहून तिची बोली गेली नव्हती.

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला सांगता येणार नाही.

काकूनं वर बघितलं. म्हातारी समजूतदार, ती म्हणाली, "बस वं माय, उभी काय राह्यनी? बस." तिला बहुतेक कुठंतरी बस असं म्हणायचं असेल. धाकलीनं पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, आणि दक्षिणेकडे तोंड करून त्या पाटावर बसली. आबांनी पाणी फिरवलेल्या पानावर. मी पुढे झाले, म्हटलं, "अगं थांब, मी दुसरीकडे…"

"राहू दे," ती म्हणाली. "वाढलंय ना? मग जेवते."

ती जेवली. सगळं जेवली. पुरणपोळी रसात कुस्करून, कुरडई, भजं, रशी, भात. मध्ये एकदा वहिनीला म्हणाली, पोळी खापरावरचीच आहे ना, मला पंधरा वर्षांत अशी मिळाली नाही. वहिनी पदरानं डोळे पुसत तिला आणखी वाढत होती. आबा भिंतीला टेकून बसले होते आणि निखाऱ्याकडे बघत होते. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, त्यांना बोलू दे. चिडू देत, ऊठ म्हणू देत, चालती हो म्हणू देत. काहीही म्हणू देत, पण तिला म्हणू देत. तिलाही तेच हवं होतं, त्यासाठीच ती आली होती. एक वाक्य. केव्हा आलीस, एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

काकूचं जेवण झालं. आबा उठून तिच्या पाया पडले, ती डोळे पुसत घरी गेली. आता खोलीत आम्हीच. धाकली पाटावर तशीच बसून होती, हात पानावर धरून. आबा भावाला म्हणाले, "तांब्या दे."

भावानं दिला. आबा गुडघ्यांवर बसले. परात ओढली, धाकलीचा पाय हातात घेतला आणि धुतला. मग दुसरा. पंच्यानं टिपले. कुंकवाचं बोट तिच्या कपाळाला लावलं, ते लावताना त्यांना तिच्याकडे बघावंच लागलं, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी घळाघळा गालांवर आलं. ती म्हणाली, "आबा." ते वाकले. त्यांचं कपाळ तिच्या पायांना लागलं, पांढरं डोकं तिच्या गुडघ्यांशी, आणि तिचा हात उचलला गेला, पण त्यांच्या डोक्यावर ठेवायचा धीर तिला झाला नाही. "आबा, मी आलीय," ती म्हणाली.

भावानं त्यांना धरून उठवलं. त्यांनी तिच्याकडे पाठ केली आणि वहिनीला सांगितलं, "पितर जेवी ग्यात. आते घरना माणसंस्ना पानं वाढा."

पितर जेवून गेले. आता घरच्या माणसांना वाढा. आणि ते जाऊन आपल्या बैलजोडीच्या ताटावर बसले, पूर्वेकडे तोंड करून.

त्या दिवशी मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. धाकलीनं हळूच उष्टं पान उचललं, गाईला टाकायला. खाली कोरडं ताट दिसलं. ती बघत राहिली. मग बोट ठेवून म्हणाली, "ही मोठी. आणि हा धाकटा." मांडीवरचा गेरूचा ठिपका तिची मुलगी होती, मागे दोरी धरून उभा निळा ठिपका तिचा मुलगा. मायनं नातवंडं पाहिली नव्हती. ती होतील तशी तिनं ताटात बसवली होती, आणि मी त्यांना फडक्यानं घासलं होतं.

तिनं ताट छातीशी धरलं आणि मला विचारलं, "अक्का, हे मी नेऊ?"

आणि मी काय करावं? मी आबांकडे बघितलं. सवयीनं, दुसरं काही नाही. ते पोळी मोडत होते, त्यांनी ऐकलंसुद्धा नसेल. पण माझं ते बघणं तिनं बघितलं. तिनं ताट पाटावर परत ठेवलं. "राहू दे," म्हणाली, "इथलंच आहे."

ती पाणीही न पिता निघाली. मी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेले. उन्हं कडक होती, लिंबाखाली पोरी झोका खेळत होत्या. रिक्षा येताना दिसली तेव्हा ती म्हणाली, "आबा पाया पडले, अक्का. मला वाटलं होतं, फार तर हाकलतील. हाकललं असतं तर मी परत आले असते गं. कितीदा तरी आले असते."

घरी आले तर वहिनी ताटं पुसत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, माय ते ताट पूर्वेकडे मांडायच्या. आपल्या शेजारी, आपल्याच रांगेत. आखाजीच्या सकाळी माझ्या मोबाईलवरून फोन करायच्या तिला. तुनं ताट मांडेल शे, यी जाय, असं बोलवायच्या. दर वर्षी. ती म्हणायची आबा बोलावतील तेव्हा येईन." माझ्या डोळ्यांपुढे ती परात आली, तिच्याशेजारचं ताट, बांगड्यांचा जोड. बांगड्या माहेरी आलेल्या लेकीला देतात. मी पंधरा वर्षं त्याच पंगतीत बसून त्या बघितल्या होत्या.

"मग सकाळी बोलली का नाहीस?" मी ओरडले तिच्यावर.

"तुम्ही थोरल्या," ती म्हणाली. "तुम्ही मांडताय म्हटल्यावर मला वाटलं, आबांनीच सांगितलं असेल."

आबांनी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पंधरा वर्षं नुसतं तोंड फिरवलं होतं, हो नाही आणि नाहीही नाही. आता मला वाटतं, पूर्वेकडचं ते ताट बघून त्यांच्याही मनात काहीतरी लटकत राहिलं असेल. ती समोर येऊन तिथं बसली असती तर त्यांना एक काहीतरी करावं लागलं असतं. मी तिला दक्षिणेला बसवली आणि त्यांची सुटका केली. पोटच्या पोरीपुढे डोकं टेकवून त्यांना तिच्याशी न बोलता राहता आलं.

पुन्हा आखाजी आलीय. परवा. पानांचा भारा माझ्या बाल्कनीत ओल्या गोणपाटाखाली ठेवलाय. होळीनंतर मी रद्दी भिजवली होती, मायसाठी एक ताट केलं, ओबडधोबड, त्यात काय काढावं ते सुचलं नाही म्हणून पांढरंच ठेवलं. वर्षभर धाकली माझ्या फोनला हूं, बरं, एवढंच बोलत आली. आज सकाळी मी धीर करून तिला विचारलं, "मांडू ना गं तुझं ताट?"

"कोणत्या बाजूला, अक्का?" तिनं विचारलं.

पूर्वेला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण आबा अजून आहेत, आणि मी त्यांना अजून काही विचारलेलं नाही. ती माझ्या उत्तरासाठी थांबली, मग तिनं फोन ठेवला.